वाचकांचे प्रश्न : आतड्यात आतडे शिरते तेव्हा

मागच्या अंकात तान्ह्या बाळांच्या रडण्यावर लेख होता. त्यात ‘इंटससेप्शन’चा, म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकण्याचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून बरीच विचारणा झाली, पालकांचीही आणि डॉक्टरांचीही. खालची उत्तरे सोनोग्राफी करणारे आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणारे अशा दोघांनी मिळून लिहिली आहेत. पत्रे गरजेपुरती आखूड केली आहेत.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं. दुपारी एकाएकी किंचाळून रडलं, पाय पोटाशी घेतले, दोन-तीन मिनिटांत शांत झालं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या दात येतायत. मी बेंबीभोवती हिंग लावला. जवळच्या दवाखान्यात गॅसचे थेंब मिळाले. रात्री शीमध्ये रक्त दिसलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘टार्गेट साइन, इंटससेप्शन’ असं लिहिलं होतं. आता बाळ बरं आहे. पण आम्ही आधी कसं ओळखायला हवं होतं? आणि टार्गेट म्हणजे काय? (एक आई, विडी घरकुल)

उत्तर : टार्गेटचे आधी सांगतो, ते कळले की बाकीचे आपोआप उलगडते. पूर्ण बाहीचा सदरा घ्या. कोपराजवळची बाही चिमटीत धरा आणि मनगटाकडच्या भागात चार बोटे आत ढकला. आता त्या जागी कापडाचे तीन थर झाले: बाहेरचा, आत वळून परतणारा आणि सगळ्यात आतला. तिथे कात्रीने आडवे कापले तर एकात एक तीन वर्तुळे दिसतील. सोनोग्राफी हाच आडवा छेद कात्रीशिवाय घेते. आतड्याचे सुजलेले थर काळपट दिसतात, मधले थर पांढुरके, म्हणून पडद्यावर नेमबाजीच्या चकतीसारखे चित्र उमटते. तेच टार्गेट.

सदऱ्यात नसलेली एक गोष्ट आतड्यात असते. आतडे पोटात मोकळे लोंबत नसते. त्याला रक्त पुरवणारा पडदा पाठीकडे बांधलेला असतो, आणि आतडे आत शिरले की हा पडदाही सोबत ओढला जातो. सगळा घोळ त्यातून होतो. पडद्यातल्या शिरा आधी दाबल्या जातात, कारण त्यांच्यातला दाब कमी असतो. रक्त येत राहते पण परत जात नाही. आतडे सुजते, आतल्या अस्तरातून शेंबडासारखा स्राव आणि रक्त झिरपते. त्याहून उशीर झाला तर धमन्याही बंद पडतात आणि आतडे सडायला लागते. म्हणजे शीमधले रक्त ही या आजाराची सुरुवात नव्हे. तोवर शिरा दाबून काही तास उलटून गेलेले असतात.

बाळांमध्ये बहुतेक वेळा लहान आतड्याचे शेवटचे टोक मोठ्या आतड्यात शिरते. ही जागा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, अपेंडिक्सच्या शेजारी. वय साधारण तीन महिने ते तीन वर्षे, त्यातही पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत सर्वाधिक, मुलींपेक्षा मुलांत थोडे जास्त. दहातल्या नऊ बाळांत मुळाशी दुसरा आजार सापडत नाही. बऱ्याचदा आठवडाभरापूर्वी सर्दी किंवा जुलाब झालेले असतात, त्याने आतड्याच्या भिंतीतल्या गाठी फुगतात, आणि आतड्याची लाट, म्हणजे अन्न पुढे सरकवणारे आकुंचन, त्या फुगलेल्या भागाला घास समजून पुढे ढकलते.

आता ओळखायचे कसे? घड्याळ बघून. लाट आली की आतडे ओढले जाते आणि कळ येते. लाट ओसरली की बाळ शांत. सुरुवातीला दर पंधरा-वीस मिनिटांनी हे चक्र चालते, पुढे कळा जवळजवळ येतात. दात येताना बाळ किरकिरते, हिरड्या चावते, लाळ गाळते. घड्याळ लावल्यासारखे रडत नाही. सोबत उलटी असेल तर शंका पक्की धरा. दोन कळांच्या मधे बाळ हसतेसुद्धा, पोट मऊ लागते, आणि नेमके त्याच वेळी डॉक्टरांनी तपासले तर त्यांनाही काही सापडत नाही. म्हणून कळ येताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि किती वाजता आली ते लिहून ठेवा. त्या एका मिनिटाच्या व्हिडिओवरून डॉक्टर सोनोग्राफीचा निर्णय घेऊ शकतात.

आणि एक. कळा थांबून बाळ निपचित पडले तर ‘बरं वाटलं, झोपलं’ असे समजू नका. काही बाळे रडतच नाहीत, फक्त मलूल होतात, हाक मारली तरी डोळे मिटून राहतात. पोटदुखी, पोटात गोळा आणि रक्ताची शी ही तिन्ही लक्षणे एकत्र निम्म्याहूनही कमी बाळांत दिसतात. तिन्हींची वाट पाहिली तर उशीर होणारच. हिंगाने अपाय काही झाला नाही, दुपार तेवढी गेली.

प्रश्न : आमच्या भागात रक्त-शेंबडाची शी झाली की ‘आव पडली’ म्हणतात. आम्ही ओआरएस देतो. कुणी पोट चोळून ‘आतडं उतरवतात’, कुणी एरंडेल पाजतात, अजूनही कुठे कुठे डाग देतात. यातला फरक आम्ही कसा करायचा? (आशा कार्यकर्ती, अक्कलकोट तालुका)

उत्तर : प्रश्न अगदी नेमका आहे, कारण तालुक्याच्या पातळीवर सर्वात जास्त वेळ याच गोंधळात जातो. आवेत, म्हणजे आमांशात, सुरुवातच जुलाबाने होते: ताप, दिवसातून अनेकदा थोडी थोडी शी, कुंथणे. इंटससेप्शनमध्ये सुरुवात कळांनी आणि उलटीने होते, शी उलट कमी होते, आणि रक्त नंतर येते. ते गडद लाल, चिकट, लंगोटावर गोळ्यासारखे बसणारे असते. उलटी आधी दुधाची, मग हिरवी. हिरवी उलटी करणारे तान्हे बाळ, कारण कोणतेही असो, त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचले पाहिजे.

कळा, उलटी आणि मलूलपणा एकत्र असतील तर तोंडाने काही देऊ नका, ओआरएसही नाही आणि अंगावरचे दूधही नाही. बाळाला भूल द्यावी लागू शकते आणि भरलेल्या पोटाची उलटी श्वासात जाते. पाणी शिरेतून द्यायचे. बाळ कोरडे पडले असेल, टाळू खोल गेली असेल, हातपाय गार असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच सलाइन सुरू करून मग हलवावे: किलोमागे १० ते २० मिली नॉर्मल सलाइन, म्हणजे आठ किलोच्या बाळाला ८० ते १६० मिली, आणि मग पुन्हा तपासून पुढचे.

पोट चोळल्याने आत शिरलेले आतडे बाहेर येत नाही, सुजलेल्या भागावर दाब मात्र पडतो. एरंडेल आतड्याच्या लाटा वाढवते. ज्या लाटेने आतडे आत ढकलले तिलाच जोर देण्यासारखे ते आहे. पोटदुखीचे डायसायक्लोमिन असलेले थेंब सहा महिन्यांखालील बाळाला मुळीच नकोत, मोठ्यालाही निदान झाल्याशिवाय नकोत. डाग देण्याबद्दल काय लिहायचे? भाजलेले पोट घेऊन आलेल्या बाळावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणेही कठीण होते.

१०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पुढच्या रुग्णालयाला फोन करून तीन गोष्टी विचारा. आत्ता, या वेळी, लहान बाळाची सोनोग्राफी होईल का? पाण्याने किंवा हवेने आतडे सोडवण्याची सोय आहे का? बालशल्यचिकित्सक उपलब्ध आहेत का? अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर आहे, करमाळ्याहून त्याच्या दुपटीहून जास्त. सोलापुरातल्या सात रस्त्यापर्यंत येऊन मग ‘इथे नाही, सिव्हिलला न्या’ ऐकण्यापेक्षा तो एक फोन स्वस्त पडतो.

प्रश्न : मी नुकतीच तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू केली आहे. काम मुख्यतः गरोदर स्त्रियांचे आणि मुतखड्यांचे. रडणाऱ्या बाळाचे पोट बघताना गॅसशिवाय काही दिसत नाही. पद्धतशीर कसे बघावे? कुठे चुकते? (सोनोलॉजिस्ट, पंढरपूर)

उत्तर : पहिली चूक प्रोबची होते. मोठ्यांच्या पोटाचा ३.५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स (वक्र तोंडाचा) प्रोब लावला की वर्तुळ कदाचित दिसेल, पण थर वाचता येत नाहीत. थायरॉइडसाठी वापरता तोच लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब घ्या, ७ ते १२ मेगाहर्ट्झ. खोली ५ ते ६ सेंमी ठेवा. बाळ जाडजूड असेल किंवा आतडी फार फुगली असतील तर कॉन्व्हेक्सने एकदा सगळे पोट फिरून घ्या आणि मग लिनिअरवर या.

जेल कोमट हवे. सोलापूरच्या मे महिन्यात ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण मशीनची खोली एसीची असते आणि गार जेलने बाळ दचकून पोट आवळते. बाटली दहा मिनिटे गरम पाण्यात उभी करा. आईला डोक्याशी बसवा, बाळाचे हात तिच्या हातात. उपाशीपोटाची वाट पाहू नका, गुंगीचे औषध सहसा लागत नाही.

सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यात, प्रोब आडवा. सोआस (कण्याशेजारचा) स्नायू आणि इलिअॅक (पायाकडे जाणाऱ्या) रक्तवाहिन्या ओळखा, त्यांच्या पुढ्यात सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात. तिथून मोठ्या आतड्याच्या वाटेनेच चालायचे: वर यकृताच्या कडेपर्यंत, मग आडवे डावीकडे प्लीहेपर्यंत, मग खाली, आणि शेवटी मूत्राशयामागे गुदाशयापर्यंत. चौकट पुरी करायची. बहुतेक गोळे यकृताखाली, पित्ताशयाच्या आसपास सापडतात आणि पहिल्या मिनिटातच दिसतात. पण डावीकडे किंवा पार गुदाशयात पोचलेला गोळा हुकतो, कारण ‘उजवीकडे काही नाही’ म्हणून तपासणी तिथेच थांबवलेली असते.

गॅससाठी दाब हळूहळू वाढवा, हळूहळू सोडा. एकदम दाबले की बाळ रडते, पोट फळीसारखे होते आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात. रडताना बाळ मधेच श्वास आत घेते, त्या क्षणी पोट सैल पडते. प्रोब तेव्हा आत न्यायचा. समोरून गॅस हटत नसेल तर कुशीकडून बघा.

वर्तुळ सापडले की बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. लहान आतडे मोठ्यात शिरलेले असेल तर व्यास सहसा अडीच-तीन सेंमी किंवा जास्त भरतो. प्रोब नव्वद अंशांत फिरवा: थरावर थर लांबट दिसले पाहिजेत. तिरपा छेद आला तर चित्र हुबेहूब मूत्रपिंडासारखे भासते. म्हणून दोन्ही खऱ्या किडन्या आपापल्या जागी आहेत ना, ते बघून घ्या. वर्तुळाच्या आत चंद्रकोरीसारखा चकाकता भाग म्हणजे ओढला गेलेला पडदा आणि त्याची चरबी; त्यात काळपट लंबगोल दिसले तर त्या लसिकाग्रंथी. हे दोन्ही दिसले की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

मग कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी तपासणी. वेगाची पट्टी आणि वॉल फिल्टर दोन्ही कमी ठेवा, नाहीतर बाळाच्या आतड्यातला मंद प्रवाह दिसणारच नाही. बाळ हलले की सगळीकडे रंग उसळतो, तो प्रवाह समजू नका. भिंतीत प्रवाह असेल तर आतडे जिवंत आणि सुटण्याची शक्यता चांगली. नसेल तर काळजीचे, पण केवळ तेवढ्यावरून आतडे मेले असे लिहू नका. दोन थरांच्या मधे कोंडलेले पाणी बघा. ते असेल तर सोडवणे अवघड जाते. मागची लहान आतडी फुगली आहेत का? पोटात मोकळे पाणी किती? थोडेसे पाणी नेहमीचेच, त्याने काही अडत नाही. गोळ्याच्या टोकाशी गाठ, सिस्ट किंवा पॉलिप आहे का? तीन महिन्यांखालच्या आणि तीन वर्षांवरच्या मुलांत हे शोधणे जास्त महत्त्वाचे. मेकेल्स डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्याला जन्मतः असलेली पिशवी) हे त्यातले सर्वाधिक सापडणारे कारण, मोठ्या मुलांत लिम्फोमाही (लसिकाग्रंथींचा कर्करोग) विसरायचा नाही.

चकवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मोठ्या आतड्यातली घट्ट शी वर्तुळासारखी दिसते, पण तिच्यात नीट थर नसतात, आणि दाबले की आकार बदलतो. सोआस स्नायूचा आडवा छेद घाईत फसवतो. दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. आमांशात सुजलेल्या आतड्यालाही वर्तुळ असते, पण ते एकाच भिंतीचे: मधे पोकळी किंवा गॅस असतो, दुसरे आतडे आणि चरबी नसते. हा फरक वरच्या आशाताईंच्या प्रश्नाचेही उत्तर आहे, फक्त मशीनवरचे.

अनुभवी हातात सोनोग्राफी जवळपास प्रत्येक केस पकडते. गॅसमुळे चौकट पुरी झाली नसेल तर मात्र ‘नॉर्मल’ लिहू नका. ‘तपासणी अपुरी, पुन्हा करावी’ असे लिहा आणि बाळाला घरी न पाठवता त्याच संध्याकाळी पुन्हा बघा, किंवा पुढे पाठवा. रिपोर्टवर तारखेसोबत वेळ लिहा. पुढच्या डॉक्टरांना गोळा कुठे होता, किती रुंद, किती लांब, प्रवाह होता का, पाणी कोंडले होते का आणि हे सगळे किती वाजताचे, हे कळले पाहिजे. ‘इंटससेप्शन आढळले, कृपया क्लिनिकली ताडून पाहा’ या एका ओळीचा शल्यचिकित्सकाला काडीचा उपयोग नसतो.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. पोट दुखत होते म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये ‘लहान आतडे लहान आतड्यात, व्यास १.४ सेंमी, ट्रान्झियंट’ आहे. एका डॉक्टरांनी लगेच सोलापूरला हलवा म्हटले, दुसऱ्यांनी काही करू नका म्हटले. कुणाचे ऐकायचे? (एक वडील, बार्शी)

उत्तर : आकड्याचे ऐका. वर सांगितलेला धोक्याचा प्रकार अडीच-तीन सेंमीचा, चरबी आणि ग्रंथी पोटात घेतलेला. तुमच्या मुलाचा दीड सेंमीहून कमी आहे, तोही लहान आतड्यातच. असे छोटे शिरणे सुदृढ मुलांतही सोनोग्राफीत सहज दिसते. लाट पुढे गेली की आपोआप सुटते. ‘ट्रान्झियंट’ म्हणजे तेच, बघता बघता गेले. पोटदुखी बहुधा दुसऱ्या कशाची तरी असेल.

शंका असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा सोनोग्राफी करावी. तेच वर्तुळ त्याच जागी कायम असेल, लांबी साडेतीन सेंमीहून जास्त असेल, मागची आतडी फुगली असतील किंवा मूल आजारी दिसत असेल तर मग हलवा. पायांवर, ढुंगणावर जांभळे पुरळ आणि सांधेदुखी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ही लक्षणे ज्यात दिसतात त्या आजारात लहान आतड्यातले शिरणे हट्टी असू शकते.

प्रश्न : नातवाला ‘खालून पाणी सोडून आतडे सरळ करू’ म्हणाले. आम्ही घाबरून ऑपरेशनच मागितले, ते झाले, पोरगा बरा आहे. पण पाण्याने खरेच सुटते का? आतडे फुटत नाही? (एक आजोबा, मोहोळ)

उत्तर : सुटते. वेळेत आलेल्या बाळांत दहापैकी आठ-नऊ जणांना ऑपरेशनची गरज पडत नाही. कल्पना जुनीच आहे. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ मध्येच पाण्याच्या दाबाने आतडे सोडवण्याबद्दल लिहिले होते. तेव्हा आत काय चालले आहे ते दिसत नव्हते, आता सोनोग्राफीत प्रत्येक क्षण दिसतो.

आधी शिरेतून सलाइन चालू, गरज असेल तर नाकातून नळी, आणि शल्यचिकित्सक इमारतीत हजर. ते नसतील तर सुरूच करायचे नाही. बाळाच्या गुदद्वारातून फोलीज कॅथेटर (मऊ नळी) आत सरकवतात आणि दोन्ही ढुंगणे चिकटपट्टीने घट्ट आवळतात. पाणी बाहेर गळले तर दाबच तयार होत नाही, आणि फसलेल्या प्रयत्नांत हे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा असते. कोमट नॉर्मल सलाइनची पिशवी टेबलापासून एक ते सव्वा मीटर उंच टांगतात. दाब उंचीवर ठरतो: एक मीटरला सुमारे ७४, दीड मीटरला सुमारे ११० मिलिमीटर पारा. १२० च्या वर जायचे नाही. हाताने पिशवी पिळायची नाही, तेव्हा दाब किती झाला ते कुणालाच कळत नाही.

पडद्यावर पाणी मोठ्या आतड्यातून येते आणि गोळ्याच्या टोकाला भिडते. गोळा मागे सरकू लागतो, डावीकडून आडव्या भागात, तिथून यकृताखाली, मग सीकममध्ये. तिथे तो रेंगाळतो, कारण लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप सुजलेली असते. तीन मिनिटे दाब ठेवायचा, मग पिशवी खाली घेऊन विश्रांती, असे साधारण तीन वेळा. सुटते तेव्हा नजरेत भरते: पाणी एकदम झडपेतून लहान आतड्यात घुसते आणि पोटभर छोटी छोटी वर्तुळे मधाच्या पोळ्यासारखी दिसू लागतात. गोळा नाहीसा होणे आणि पाणी लहान आतड्यात जाणे, दोन्ही दिसले तरच सुटले म्हणायचे. सुजलेली झडप काही तास छोट्या गोळ्यासारखी दिसत राहते, तिला उरलेले इंटससेप्शन समजून पुन्हा पाणी सोडण्याची चूक होते.

अर्धवट सुटले आणि बाळ स्थिर असेल तर अर्ध्या तासापासून काही तासांनी पुन्हा प्रयत्न करता येतो. आतडे फुटण्याचा धोका शंभरात एखादा किंवा त्याहून कमी. फुटले तर पोटात मोकळे पाणी झपाट्याने वाढते. त्याच क्षणी पिशवी खाली घ्यायची, पाणी काढून टाकायचे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे. पोट फळीसारखे कडक, आधीच आतडे फुटलेले किंवा सलाइन देऊनही बाळ शॉकमध्ये असेल तर पाण्याचा प्रयत्न करतच नाहीत. तुमच्या नातवाच्या बाबतीत यातले काही होते का ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑपरेशनमध्येही आतडे ओढत नाहीत. पुढच्या टोकाकडून दाबून मागे पिळत आणतात, टूथपेस्ट पिळावी तसे. ओढले तर सुजलेले आतडे फाटते.

प्रश्न : सोनोग्राफीने किरण लागतात का? त्यापेक्षा सीटी स्कॅन चांगला नाही का? (दोन वाचक)

उत्तर : सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरण नसतात; दहा वेळा केली तरी चालते. बाळात सीटीची गरज क्वचितच पडते. एक्स-रे आतडे फुटल्याची हवा शोधायला उपयोगी, पण साधा एक्स-रे ‘ठीक’ आला म्हणून इंटससेप्शन नाही असे म्हणता येत नाही. मोठ्या माणसांत मात्र गणित उलटे: तिथे मुळाशी बहुधा गाठ असते, म्हणून सीटी करतात आणि उपचार सहसा ऑपरेशनचाच.

प्रश्न : रात्री मुलाला घेऊन गेलो तर एका सेंटरवर आधी आधार कार्ड आणा, फॉर्म भरा, मगच मशीन लावू म्हणाले. नियम आहे का? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : गर्भलिंग निदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. ‘फॉर्म एफ’ मात्र गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी आहे. सात महिन्यांच्या मुलाच्या पोटाला तो लागत नाही. नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी एवढे पुरते. मशीन नोंदणीच्या जागेबाहेर हवे तसे फिरवता येत नाही, हे मात्र खरे. तुमच्या घरी येऊन कुणी सोनोग्राफी का करत नाही, त्याचे कारण हेच.

प्रश्न : रोटाव्हायरसच्या लसीने आतडे अडकते असे व्हॉट्सअॅपवर आले. थेंब पाजावेत की नाही? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : पाजावेत. अफवेच्या मुळाशी एक खरी घटना आहे: अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाव्हायरसची एक लस याच कारणाने १९९९ मध्ये मागे घेतली गेली. आज आपल्याकडे मिळते ती लस ती नव्हे. महाराष्ट्रात २०१९ पासून ही लस सरकारी कार्यक्रमात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात. भारतातल्या रुग्णालयांतून झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीनंतर इंटससेप्शन वाढल्याचे दिसले नाही. पहिला डोस वेळेवर, लहान वयात द्यावा; उशीर झाला की आजाराच्या नैसर्गिक वयाशी गाठ पडते. ज्या बाळाला आधी इंटससेप्शन होऊन गेले आहे, त्याला ही लस देत नाहीत. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर तशी नोंद करून घ्या.

प्रश्न : पाण्याने सुटल्यावर पुन्हा होते का? घरी कधी न्यायचे, दूध कधी द्यायचे? (पहिल्या प्रश्नातल्याच आई)

उत्तर : दहातल्या एखाद्या बाळाला पुन्हा होते, त्यातले बरेचसे पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून काही रुग्णालये बाळाला रात्रभर ठेवून घेतात, काही ठिकाणी काही तास लक्ष ठेवून घरी सोडतात. घर लांब असेल तर राहण्याचाच आग्रह धरा. दूध डॉक्टरांनी सांगितल्यावर, सहसा काही तासांत, आधी थोडे थोडे. पहिल्या रात्री हलका ताप येऊ शकतो. पुन्हा तशाच कळा आल्या तर हिंगाच्या डबीकडे न जाता सरळ सोनोग्राफीला न्या, जुना रिपोर्ट सोबत घेऊन. पुन्हा झाले तरी पाण्यानेच पुन्हा सोडवता येते. वारंवार झाले किंवा मूल मोठे असेल, तर गोळ्याच्या टोकाशी काही लपले आहे का ते शोधावे लागते.